दुकानात जाऊन नुसतं "२६ चा टायर द्या" म्हणू नका

पोस्ट लांब झाली आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरी शाळेत जाणारी पोरगी आणि तिची सायकल आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांनी आपापल्या सोयीनं.

जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात ग्रँड टूर नावाची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. पाच दिवस, ४३७ किलोमीटर, परदेशातले संघ, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं. शर्यतीच्या मार्गावरचे रस्ते त्यासाठी नव्यानं गुळगुळीत केले. मी आणि माझा भाचा चोरखमारा तलावाच्या पाळीवर बसून मोबाईलवर ते पाहत होतो (नेटवर्क पाळीवरच मिळतं, गावात नाही), आणि पाहता पाहता आमचं भांडण लागलं. विषय काय, तर टायर.

भाचा नागपूरला नोकरीला आहे. दोन वर्षांपासून सायकलचं वेड लागलंय. २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत पूर्ण करायची ती जी राईड असते, तशा दोन-तीन केल्या आहेत. त्याची सायकल कार्बनची, ब्रेक डिस्कचे, टायर ३० मिलिमीटरचे आणि ट्यूबलेस. माझी सायकल लोखंडी, नागपुरात जुनी घेतलेली, गिअर बदलायच्या काड्या अजून फ्रेमच्या खालच्या नळीवर, टायर २३ चे. म्हणजे दोन बोटांपेक्षाही कमी रुंद. हवा ११० पौंड. बोटानं दाबला तर दगड. मला त्याचा फार अभिमान होता. बारीक टायर म्हणजे वेग, कडक हवा म्हणजे वेग, हे मी वीस वर्षं धरून बसलो होतो.

भाचा म्हणाला, "मामाजी, आता रेसवाले पण २३ वापरत नाहीत. सगळे २८, ३०. पॅरिस-रुबेला तर ३२."

मी म्हणालो, त्यांना स्पॉन्सर देतो म्हणून लावतात. कंपन्यांना दरवर्षी काही ना काही नवीन विकायचंच असतं.

हे माझं वाक्य अर्धं खरं आहे आणि अर्धं खोटं. हे कळायला मला कमरेचं दुखणं आणि एका विद्यार्थिनीचे चार दिवस मोजावे लागले. म्हणून लिहितोय.

आधी माझं चुकलं ते सांगतो. टायर जमिनीला टेकतो तिथं तो चपटा होतो, पुढे गेला की पुन्हा गोल होतो. या दबण्या-उठण्यात रबर ताकद खातं. हवा सारखीच ठेवली तर बारीक टायर लांबट चपटा होतो, रुंद टायर आखूड चपटा होतो. आखूड चपटा झालेल्या टायरचं रबर कमी वाकतं, म्हणून कमी ताकद खातं. ही झाली गुळगुळीत रस्त्याची गोष्ट. आपल्या रस्त्यावर मामला आणखी वेगळा. कडक टायर खडीवर आपटला की सायकल आणि वर बसलेला माणूस दोघंही उचलले जातात. त्या उचलण्याला जी ताकद लागली ती आपल्याच मांडीची, आणि ती पुढे जायला उपयोगी पडायची होती. मऊ टायर तोच खडा पोटात घेतो आणि सायकल सरळ पुढे जाते. कडक टायरवर जो थरथराट जाणवतो त्याला आपण वेग समजतो. मी तरी वीस वर्षं समजलो.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरनं कमरेचा फोटो काढायला लावला. मग लाज गिळून २८ चे टायर टाकले. माझ्या जुन्या ब्रेकमधून त्याच्यावर जातच नाही, नाहीतर ३२ टाकले असते. हवा ७५ पौंड. तिरोड्याला जायला वेळ पहिल्याइतकाच लागतो, कधी दोन मिनिटं कमीच. पण उतरल्यावर माणसासारखा चालतो.

आता गंमत पहा. माझ्या वडिलांची काळी ॲटलस घरी अजून उभी आहे. (ती बनवणाऱ्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला. तो दिवस जागतिक सायकल दिवस होता, याला काय म्हणावं.) त्या सायकलचा टायर २८ गुणिले दीड इंच. म्हणजे जवळजवळ ४० मिलिमीटर रुंद. वडील त्याच सायकलवर तेंदूपत्त्याची पोती आणत, मोहफुलं आणत, धान कांडायला नेत, आणि आम्हा दोन भावांना पुढे-मागे बसवून मंडईला नेत. रस्ता मुरमाचा. जगभरच्या शर्यतवाल्यांनी प्रयोगशाळेत टायर फिरवून २३ वरून २५, २५ वरून २८, २८ वरून ३२ अशी जी वाट काढली, तिच्या दुसऱ्या टोकाला आमचे बाबा बिडीचा झुरका मारत आधीच उभे होते. "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे लक्षात घ्यावं, की आपण ज्याला जुनं म्हणतो ते फार तर १९८०-९० चं शहरातलं जुनं आहे. गावाचं जुनं वेगळं होतं, आणि टायरच्या बाबतीत तेच बरोबर निघालं.

पण सगळंच नाही. त्या काळ्या सायकलचे सळीचे ब्रेक आणि लोखंडी चकचकीत रिम यांचं पावसात काय होतं हे ज्यांनी भोगलं त्यांना माहीत आहे. ओल्या लोखंडी रिमवर रबर सरकतच राहतं. उतारावर ब्रेक दाबायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. तिथं मी नव्याच्या बाजूनं. ॲल्युमिनियमची रिम आणि दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारे ब्रेक, इतकं असलं तरी पोरीबाळी पावसाळ्यात सुखरूप घरी येतील.

नव्याला विरोध करायची हौस माणसाला फार जुनी आहे. टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलायचं यंत्र १९३७ पर्यंत वापरू देत नव्हते. शर्यत सुरू करणारे देग्रांज साहेब त्याच्या विरोधात होते. त्यांच्या मते ती मर्दानगी नव्हती. त्यांनी सूत्रं सोडली आणि गिअर आले. आज गिअर नसलेली शर्यतीची सायकल कोणी मागतं का? म्हणून मी आता "नवीन म्हणजे फॅशन" असं म्हणत नाही. मी आता एवढंच विचारतो, की ही वस्तू बिघडली तर आमच्या चौकातला मिस्त्री तिला हात लावू शकेल का.

भाच्याच्याच सायकलवर हे पाहिलं. त्या पुण्याच्या शर्यतीच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सकाळी तो फेरीला निघाला आणि डांबराच्या कडेला त्याचा टायर बाजूनं कापला. ट्यूबलेसमध्ये दुधासारखा एक चीक भरलेला असतो. बाभळीचा काटा गेला, गोखरू गेला, तर चीक आपोआप भोक बुजवतो, आणि हे खरंच फार कामाचं आहे; आमच्या बांध्यांच्या कडेनं चालवणाऱ्यानं तर हात जोडावे असं. पण बोटभर चीर तो बुजवत नाही. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला गेला की तो चीक काही महिन्यांतच आटून साल होऊन बसतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

सायकल ढकलत चौकात आली. मिस्त्रीकाकांनी टायर काढला, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"सरजी, याले ट्यूबच नाही?"

"नाही काका. बिनट्यूबची आहे."

"मंग हवा कायले धरते हे?"

पाच मिनिटं त्यांनी समजून घेतलं. हसले नाहीत, हे मुद्दाम लिहितो. मग जुन्या टायरचा एक तुकडा कापून आतून चिरेवर बसवला आणि भाच्याच्या पाठीवरच्या पिशवीतली सुटी ट्यूब टाकली. हवा भरायला त्यांच्या पंपाचं तोंड बसेना, कारण त्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक. भाच्याचा हातपंप निघाला म्हणून गाडी घरी आली. पैसे विचारले तर म्हणाले वीस द्या. त्या एका टायरची किंमत भाच्यानं सांगितली, पाच हजारांच्या आसपास. काकांनी हातातला टायर हळूच खाली ठेवला.

पाच हजार. आता मुद्द्यावर येतो.

मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते. शाळा घरापासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर. त्याहून लांबच्या मुलींसाठी निळी बस. आधी साडेतीन हजार मिळायचे, २०२२ पासून पाच हजार झाले. साडेतीन आगाऊ खात्यात, उरलेले दीड हजार सायकल घेतल्यावर. योजना चांगली आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आठवीत शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या पोरी सायकल आल्यावर टिकल्या. नागपूरच्या माणसाचा एक टायर आणि आमच्या पोरीची आख्खी सायकल एकाच किमतीत. यात मी भाच्याला दोष देत नाही, त्याचा पैसा, त्याचा घाम. मी फक्त दोन आकडे शेजारी ठेवतोय.

अडचण अशी, की पैसे खात्यात आले, सायकल कोणती घ्यायची हे कोणी सांगत नाही. बाप पोरीला घेऊन दुकानात जातो. दुकानात पुढे काय मांडलेलं असतं? जाडजूड नक्षीचे टायर, दोन ठिकाणी स्प्रिंग, चकचकीत डिस्क ब्रेक, लाल-हिरवा रंग, डोंगरात चालवायची सायकल दिसावी तशी. पोरीला तीच आवडते, पोर आहे ती. पण त्या किमतीतली स्प्रिंग म्हणजे नुसतं वजन. पायडल मारावं तर अर्धी ताकद सायकल वर-खाली हलण्यात जाते. ती डिस्क दोन महिन्यांत वाकडी होऊन घासायला लागते आणि काकांकडे तिचं पॅड मिळत नाही. नक्षीचा टायर डांबरावर घूं घूं करतो आणि ओढून धरतो. कॅरियर नाही, मडगार्ड नाही. पावसात पाठीवर चिखलाची रेघ घेऊन पोरगी वर्गात बसते, आणि दप्तर? दप्तर हँडलला लोंबतं.

याला मी फॅशन म्हणतो. शर्यतीची नक्कल असती तरी चाललं असतं, निदान हलकी तरी असती. ही नकलेची नक्कल आहे.

आता माझी स्वतःची चूक. डिसेंबरात आमच्या नववीतल्या एका मुलीचा मागचा टायर फाटला. सायकल वर्षाचीही नव्हती. वडील धान खरेदी केंद्रावर नंबर लावून बसलेले. मला म्हणाले, सरजी, तिरोड्याला जाताच तर एक टायर घेऊन या, २६ चा आहे. मी पंचवीस वर्षं गणित शिकवतो. मी दुकानात जाऊन म्हणालो, "२६ चा टायर द्या." दुकानदारानं दिला. शुक्रवार होता. शनिवारी काकांनी लावायला घेतला तर टायर रिमवर लोंबकळतोय, लुंगीसारखा.

कारण हे, आणि कृपया हे घरात सगळ्यांना सांगा. बाजारात "२६" नावाचे टायर एकापेक्षा जास्त मापांचे आहेत आणि ते एकमेकांना बसत नाहीत. साध्या लेडीज सायकलचा २६ गुणिले १⅜ असतो, त्याचं खरं माप ५९०. डोंगरी नमुन्याच्या सायकलचा २६ गुणिले १.७५, १.९५, २.१ असं काही लिहिलेलं असतं, त्याचं खरं माप ५५९. फरक ३१ मिलिमीटरचा. नाव दोघांचं २६. तसंच २८ चं. वडिलांच्या काळ्या सायकलचा २८ म्हणजे ६३५, आणि भाच्यासारख्यांच्या नव्या सायकलीचा ७०० म्हणतात तो ६२२, त्यालाही काही ठिकाणी २८ च म्हणतात. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ३७-५९० किंवा ५०-५५९ असं छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा आकडा रिमचं माप. दुसरा आकडा जुळला पाहिजे, पहिल्यात थोडं इकडे-तिकडे चालतं. बस, एवढंच. मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. मी काढला असता तर पुढचं झालं नसतं.

पुढचं म्हणजे, रविवारी दुकान बंद, सोमवारी माझी ड्यूटी लागलेली, मंगळवारी टायर आला. शनिवार धरून चार दिवस. मुलगी शनिवारी पायी आली. सोमवारी आलीच नाही. आई म्हणाली, थंडीत पाचलाच अंधारून येते, जंगलाच्या कडेचा रस्ता, एकटीनं पायी नको. मी काय बोलणार. मे २०२३ मध्ये नागझिऱ्यात वाघिणी आणून सोडल्या तेव्हा आपणच टाळ्या वाजवल्या होत्या, मीही. वाघ हवाच आहे. गेटवर जिप्सी येतात, पोरांना गाईडचं काम मिळतं. पण वाघाच्या शेजारी राहणाऱ्या पोरीची सायकल चालू असली पाहिजे, हा त्याच हिशोबातला दुसरा आकडा आहे. सायकलवरची मुलगी दहा-पंधरा मिनिटांत तो पट्टा पार करते, चार जणी सोबत असतात, बोलत, घंटी वाजवत. पायी तो पाऊण तास होतो आणि ती एकटी मागे पडते.

तर सोमवारी हजेरी घेताना मी तिचं नाव वाचलं आणि कोणी "हजर" म्हटलं नाही. माझ्या दप्तरात चुकीचा टायर होता, परत करायला नेण्यासाठी.

म्हणून माझं म्हणणं आहे, आणि ज्यांच्या हातात काही आहे त्यांनी ऐकावं. योजनेची यादी शाळेतून जाते, बिलही शाळेतूनच जातं. मग मुख्याध्यापकांनी पालकांना एक साधा कागद द्यायला काय हरकत आहे? साधी लेडीज सायकल घ्या, ५९० चा टायर, कारण तो तिरोड्यात, गोंदियात, गोरेगावात कुठेही मिळतो. मडगार्ड, कॅरियर, चेनकव्हर, स्टँड असलेली. रिम ॲल्युमिनियमची मिळाली तर उत्तम. स्प्रिंग नको, त्या भावातली डिस्क नको. बिलावर टायरचं माप लिहून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तो बिलात ५ च लागला का तेही पहा.

आणि हवा! निम्मे टायर कमी हवेनं मरतात. हवा कमी असली की टायरची बाजू चुरगळते, तिथंच तडे जातात, आणि खड्ड्यात रिम ट्यूबला दोन ठिकाणी चावते. काका त्याला सापानं डसल्यासारखं म्हणतात. शाळेत शौचालय लागतं, पाण्याची टाकी लागते, तसा एक उभा पंप लागतो. सात-आठशे रुपयांचा. इतक्या छोट्या खर्चासाठी कोणत्याही ग्रामपंचायतीला ठराव-बिराव जड जाऊ नये.

रस्त्याबद्दलही थोडं. टायर कितीही चांगला आणा, डांबराची कड चार-पाच इंच खाली तुटलेली असेल तर धानाचा ट्रक आल्यावर पोरगी खाली उतरते आणि परत वर चढताना चाक त्या कडेला घासून आडवं होतं. भाच्याचा पाच हजारांचा टायर तिथंच कापला, आमच्या मुली तिथंच पडतात. साइडपट्टी मुरमानं भरून डांबराच्या बरोबरीला आणणं हे काही पुण्याची शर्यत भरवण्याइतकं अवघड काम नाही. शर्यतीबद्दल मला आकस नाही, उलट आनंदच आहे. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत, जवळपास ४,८०० किलोमीटर, एकट्यानं बारा दिवसांच्या आत संपवली तेव्हा मी वर्गात नकाशा लावून मुलांना ते अंतर मोजायला लावलं होतं. विदर्भातला माणूस हे करू शकतो हे पोरांना कळलं पाहिजे. पण शर्यतीसाठी रस्ता होतो आणि शाळेसाठी होत नाही, हे बोलायलाच हवं.

भाच्याचं आणि माझं भांडण मिटलेलं नाही. तो म्हणतो मामाजी, पुढच्या वेळी डिस्कवाली घ्या. मी म्हणतो तुझ्या टायरचा चीक बघ आधी, आटला असेल. पण एक काम त्यानं केलं. नागपूरहून येताना ५९० च्या सहा ट्यूब, दोन टायर आणि एक उभा पंप घेऊन आला. पैसे घेतले नाहीत. ते सगळं काकांच्या टपरीत ठेवलंय. शाळेच्या मुलीला ट्यूब बदलायची असेल तर खरेदीच्या किमतीत, मजुरी काकांनी स्वतःहून सोडली आहे.

येत्या रविवारी सकाळी आठ ते अकरा मी टपरीवर बसणार आहे. मुलींनी सायकली आणाव्या. टायरचा आकडा वाचून देईन, टायरच्या बाजूवरच तो लिहून ठेवू, हवा भरू, ब्रेकचे रबर पाहू. ५५९ वाल्यांसाठी अजून ट्यूब नाहीत. कोणाकडे पडून असतील किंवा कोणी गोंदियाला जाणार असेल तर कमेंटमध्ये लिहा. आणि टायरचा आकडा पाहूनच आणा.